पान कोण उलटणार

आमच्या टीचरांनी मला चित्र काढायला शिकवलं नसतं, तर आज मी काहीच झालो नसतो, आणि हे मी विनयाने नव्हे, हिशेब करून सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. घरी भातशेती, चार काजूची झाडं आणि एक आंब्याचं कलम, ज्याला आंबे कमी आणि माकडं जास्त लागत. त्या घरातून उठून मी पुण्यात बसतो आणि चित्रांना हलायला, बोलायला, गायला लावतो. हे ज्या एका माणसामुळे झालं, त्या टीचर. आमच्या शाळेत बाकी सगळे गुरुजी आणि बाई होते. टीचर एकच. त्या मालवणकडच्या किरिस्ताव. वालावलच्या पलीकडे आमच्या गावात बदली होऊन आल्या, एक खोली भाड्याने घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. गावाने त्यांना शहाणी म्हणावं की वेडी, याचा निर्णय तेवढ्या वर्षांत काही झाला नाही.

टीचर वर्गात शुद्ध मराठी बोलत आणि शाळेची शेवटची पायरी उतरली की मालवणी. पायरीवर उभ्या असल्या तर अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं. छत्री बारा महिने सोबत, पण ती पावसासाठी नव्हे, उन्हासाठीही नव्हे. मिटलेल्या छत्रीत त्या रंगीत खडू ठेवत. पाऊस आला की टीचर छत्री पोटाशी धरून भिजत जायच्या, कारण उघडली तर खडू पडतील. दिसेल ते काढायचं ही त्यांची सवय. मासळी घ्यायला गेल्या तरी आधी वही निघायची. पाटीतल्या बांगड्याचं चित्र पुरं होईपर्यंत तो विकायचा नाही, अशी त्यांची विनंती असे. एकदा मासेवाली वैतागून म्हणाली, "ओ टीचर, काढून झाला आसात तर घेवा. नायतर ह्यो बांगडो तुमका सासरचा मानूस समाजतलो." टीचर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "जरा शेपटी रवली हा गो."

दुसरी सवय लाल शाईची. त्यांना आलेला कुठलाही कागद तपासल्याशिवाय त्यांच्या हातून सुटत नसे. लग्नाची पत्रिका आली की त्या लग्नाला जायच्या, आहेर करायच्या, पोटभर जेवायच्या आणि निघताना नवऱ्यामुलाच्या बापाच्या हातात त्याचीच पत्रिका ठेवायच्या, चुका लाल शाईने दुरुस्त केलेली. "धाकट्याच्या वेळेक बरी छापा," एवढंच सांगायच्या. मी कॉलेजातून पाठवलेली सगळी पत्रं मला अशीच परत मिळाली. त्यांचं उत्तर वेगळ्या कागदावर कधी आलं नाही. माझ्याच पत्राच्या समासात, माझ्या चुकांच्या शेजारी, त्या स्वतःची खुशाली कळवत.

पण टीचरांची खरी कीर्ती झाली ती कोंबड्यामुळे. नाताळसाठी म्हणून त्यांनी एक तांबडा कोंबडा आणला. कापण्याआधी चित्र काढणं आलंच. चित्र काढता काढता नाताळ उलटून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेवटी नाताळला टीचर बाजारातून दुसरं कोंबडं आणायच्या आणि हा खिडकीत बसून त्यांना जेवताना बघायचा. गावातल्या बायकांनी विचारलं तर म्हणायच्या, "मॉडेल कापूचा नसता." त्या कोंबड्यावर त्यांनी मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक केलं. कुडाळच्या एका प्रेसमध्ये छापून घेतलं आणि शिवलं घरी, स्वतःच्या हाताने, गोधडीच्या दोऱ्याने.

गोष्ट साधी. एका घरातल्या लोकांनी राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा नवसात बोललेला असतो. कोंबड्याला हे कळतं. पळून जायच्या ऐवजी तो आदल्या संध्याकाळी स्वतःच राखणदाराच्या दारात जाऊन उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं, एकजण घालतो आणि त्याचं प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." पुस्तकात कोंबड्याचं गाऱ्हाणं एका पानावर होतं आणि व्हय म्हाराजा कुठेच छापलेलं नव्हतं. ते आम्ही म्हणायचं. टीचर पुस्तक उंच धरून वाचत, "बा देवा राखणदारा, आज ह्यो कोंबो सोताच्या पायान तुज्या दारात इलो हा," आणि थांबत. वर्गाने व्हय म्हाराजा म्हटलं तरच पुढचं वाक्य, आणि शेवटचा होकार जोरात आला तरच पान उलटायचं. आवाज पडला की टीचर पानाला बोट लावून तशाच उभ्या. "देवाला ऐकू गेलं नाही," म्हणायच्या.

आमच्या वेळेला एकदा ऐकू गेलंच नाही. आम्ही दमलेले, घंटा झाली, आणि टीचरांनी पुस्तक मिटलं. कोंबडा रात्रभर राखणदाराच्या दारात उभा राहिला. मला जेवण जाईना. बाबांनी विचारलं तेव्हा सगळी गोष्ट सांगितली, त्या दारापर्यंत. बाबा शाळेत कधी गेले नव्हते. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मोठ्यान सांगा मगे उद्या." दुसऱ्या दिवशी आम्ही कौलं हलतील असं ओरडलो आणि पान उलटलं. घरी पोचलो तर बाबा अंगणात वाटच बघत होते. "काय झाला रे त्या कोंब्याचा?" पण टीचरांचा नियम होता. ज्याने व्हय म्हटलं त्यालाच पुढचं कळणार. घरी जाऊन सांगायचं नाही, ज्याला हवं त्याने येऊन म्हणावं. मी टीचरांचा आज्ञाधारक विद्यार्थी. सांगितलं नाही. बाबा हसले आणि म्हणाले, "बरा. आता कोंब्यासाठी शाळेत नाव घालूचा लागात." त्यांनी परत विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

या पुस्तकावर गावात थोडी कुजबुज झालीच. कुणीतरी टीचरांना म्हणालं, "तुमी किरिस्ताव, आणि गाराणा घालतास?" टीचर म्हणाल्या, "गाराणा मी खंय घालतंय? कोंबो घालता. आणि कोंबो हिंदू काय किरिस्ताव, तेका कोणी इचारल्यान? जत्रेक पन तेकाच कापतत, नाताळाक पन तेकाच." पुढे गावातले जाणते स्वतः येऊन गाऱ्हाण्यातले दोन शब्द सुधारून गेले, आणि टीचरांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची दुरुस्ती लाल शाईने आपल्या पुस्तकात उतरवून घेतली.

बारावीनंतर मला चित्रकलेच्या कॉलेजात घालायचं म्हणून टीचर छत्री घेऊन आमच्या घरी आल्या. बाबा खळ्यात भात वारवत होते. "तुमचो झील चितारी होतलो," टीचर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. बाबांनी सूप खाली ठेवलं. "चितारी गनपती करतत, टीचर. चवथ झाली की हात धुवन बसतत. मगे वर्सभर ह्यो काय खातलो?" "माज्याकडे जेवतलो," टीचर म्हणाल्या, "पन चित्रां काढतलो." बाबांनी वाऱ्याची दिशा बघून सूप पुन्हा उचललं. मग म्हणाले, "तुमच्याकडे नको. थंय तो कोंबो बगता जेवताना." हाच त्यांचा होकार होता.

पुण्यातल्या आमच्या स्टुडिओला मुलांसाठी गाण्यांचा ॲनिमेशनपट करायचा होता. मी टीचरांचं पुस्तक साहेबांपुढे ठेवलं. साहेब मोठे गुणी दिग्दर्शक. त्यांना कोंबडा आवडला, राखणदार आवडला, रंग तर फारच आवडले. मी पहिल्या गाडीने टीचरांची परवानगी घ्यायला निघालो. टीचर निवृत्त झाल्या होत्या, पण खोली तीच. माझी सगळी रेखाटनं त्यांनी नाकाला लावून पाहिली. तेव्हाच त्यांची नजर कमी होऊ लागली होती. मग म्हणाल्या, "बरा आसा. पन पान कोण परततलो?" मी म्हटलं, टीचर, सिनेमात पान नसतं, तो आपोआप पुढे जातो. "मगे कोंबो पन आपोआप वाचतलो. तेका कोणी वाचवक नाय." त्यांनी रेखाटनं माझ्या हातात परत दिली. "उत्तर मेळला की ये."

असे मी बरेच हेलपाटे घातले. संगीतकाराने केलेली चाल मोबाईलवर ऐकवली तर टीचर म्हणाल्या, "ह्यो कोंबो सकाळचो आरवता काय सांजचो? ह्या ऐकान माका झोप येता." मग स्वतःच फूटपट्टीने टेबलावर ठेका धरून त्यांनी गाऊन दाखवलं:

मी आरवतंय तर गाव उठता, गप रवलंय तर निजता;
माका कापल्यार एकच दीस तुमच्या चुलीर शिजता.

आयुष्यभर चर्चच्या गायनात पुढे उभं राहिलेला आवाज. मी रेकॉर्ड करून पुण्याला पाठवला आणि संगीतकाराने आपली चाल गुपचूप मागे घेतली. गाणं मिळालं, परवानगी नाही. साहेब म्हणत, गाऱ्हाण्याला आपण समूहस्वर भरू, झकास होईल. टीचर म्हणत, "ते पुण्याचे लोक पैले गप रवांदेत."

उत्तर मला आमच्या गावच्या जत्रेत सापडलं. देवळापुढे गाऱ्हाणं चाललं होतं आणि कठड्यावर पोरं मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. वाक्य संपलं की एकाचीही मान वर होत नव्हती, पण प्रत्येकाच्या तोंडून व्हय म्हाराजा बरोबर निघत होतं. मी तसाच टीचरांकडे धावलो. म्हटलं, टीचर, सिनेमात व्हय म्हाराजा कुणीच म्हणणार नाही. कोंबडा वाक्य संपवील आणि चित्र थांबेल. तो नुसता श्वास घेईल, एक पाय वर धरील, पापणी मिटील. बघणाऱ्यांनी म्हटलं तरच पुढे. टीचरांनी विचारलं, "आणि कोण बोललोच नाय तर?" मी म्हटलं, तर कोंबो थंयच उभो रवतलो. टीचर खुर्चीत मागे टेकल्या. "मगे कर."

साहेबांना पटवायला त्याहून जास्त दिवस लागले. "अरे, लोकांना वाटेल सिनेमा अडकला." शेवटी ठरलं की इतर ठिकाणांसाठी समूहस्वर घालायचा, आणि पहिला खेळ आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, टीचरांच्या अटीवर. तो खेळ होईपर्यंत टीचरांचे डोळे फार उतरले आणि गुडघ्यांनी संप केला. भाची त्यांना म्हापशाला घेऊन गेली. त्या येऊ शकल्या नाहीत. खेळ झाल्यावर मी त्यांना लिहिलेलं पत्र असं:

आदरणीय टीचर यांस, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची भाची तुम्हाला वाचून दाखवील. चुका कुठे आहेत ते तिला वाचून कळणार नाही, पण तुम्हाला ऐकून कळेल. कृपया तिच्याकडून रेघा मारून घ्या आणि पत्र परत पाठवा. समासात खुशालीही हवी आहे.

शाळेचा हॉल भरला होता. मुलं पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे बाकांवर. लॅपटॉपपाशी मी बसलो होतो आणि पुढे जायच्या बटणावर माझं बोट होतं, जसं तुमचं पानावर असायचं. तुमच्या आवाजातलं गाणं सुरू झालं तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "ही आपली टीचर मां?" आणि सगळे त्याला गप करायला लागले.

मग कोंबडा दारात आला. "आज ह्यो कोंबो सोताच्या पायान तुज्या दारात इलो हा." चित्र थांबलं. टीचर, कुणी बोललं नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. हेडमास्तर लांबून हाताने विचारत होते, अडकला काय? साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "दे पुढे, लोक उठतील." कोंबडा पाय वर धरून उभा होता. तुम्ही कधी पान उलटलं नसतं म्हणून मीही बटण दाबलं नाही.

तेव्हा अगदी मागून, शेतातून हाक मारावी तसा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मी वळून पाहिलं नाही. तो आवाज मी ओळखतो. बाबा बाकावरून उठून उभे राहिले होते, असं आईने मग सांगितलं. पुढच्या वाक्याला सगळा हॉल होता आणि शेवटच्या वाक्याला साहेबही. देवाला ऐकू गेलं, टीचर. मी पान उलटलं. राखणदाराने कोंबड्याला सोबतीला ठेवून घेतलं, गाव उठवायच्या कामावर, आणि पोरं इतकी ओरडली की शेवटचं गाणं कुणालाच ऐकू आलं नाही.

घरी जाताना बाबा बांधावर थांबले आणि म्हणाले, "बरा झाला वाचलो तो. इतकी वर्सा तो थंयच दारात उभो होतो."

तुमचा विद्यार्थी.