समोर कोण उभं राहणार

शेवगावच्या बाजारात आक्कांच्या दुकानातून पाना घेणाऱ्याला आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "समोर कोन हुबं ऱ्हानार?" पाना कोण धरणार, हे त्या विचारत नसत. धरणारा दुकानात आलेलाच असे. पण पाना निसटला किंवा तुटला, तर त्याचा दांडा ज्याच्या अंगावर जायचा तो माणूस बहुधा घरी किंवा शेतात असे आणि त्याला या खरेदीची कल्पनाही नसे. आक्कांना त्याचं नाव हवं असे. नाव कळल्याशिवाय त्या पान्यावरचा हात काढत नसत.

मी तेव्हा तालुक्याचा वार्ताहर होतो आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहत होतो. नवा माल आला की खालून लोखंड आपटल्याचे आवाज वर येत. आक्का प्रत्येक पाना गुडघ्याएवढ्या उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडत आणि मान वाकवून ऐकत. आवाज लांबला तर पाना फळीवर जाई. बद्द वाजला तर परत खोक्यात. मग जबडा अर्धा उघडून हलवून बघायचा, दातांवरून नख ओढायचं. पान्यावर कोरलेलं देशाचं नाव त्या सगळ्यात शेवटी वाचत, तेही चष्मा न लावता.

गिऱ्हाईक मात्र आधी तेच वाचे. बोधेगावकडचा एक तरुण बोअरच्या कामासाठी पाईप पाना घ्यायला आला होता. त्याने गुळगुळीत, चकचकीत पाना उचलला. त्यावर जर्मनीचं नाव होतं आणि किंमत शेजारच्या जालंधरच्या देशी पान्याहून कमी.

"हा द्या आक्का. फॉरेनचा हाय."

"घरच्या नळाला ने. बोअरवर न्हाई."

"जर्मनी लिवलंय की त्याच्यावर."

"देश छापता येतो बाबा. पोलाद छापता येत न्हाई."

"मग तो वरचा महागाचा काढा."

"तो घेशील आन् धडप्यात गुंडाळून ठिवशील. काम करशील शेजाऱ्याच्या पान्यानं. म्हागाच्या पान्याचं आसंच आसतं." त्यांनी जालंधरचा मध्यम भावाचा, काळपट पाना पुढे केला. "ह्यो घे. दिसाया येडाबागडा हाय, पन ठोकून घडवलेला हाय."

"आक्का, तुमी दुकान चालवता का दवाखाना?"

"दवाखान्यात जाया लागू नये म्हनून दुकान हाय. समोर कोन हुबं ऱ्हानार?"

तरुणाने चुलत्याचं नाव सांगितलं. आक्कांनी जर्मनीचा पाना उचलून खोक्यात टाकला.

चीनच्या मालाबद्दल त्यांचं मत बाजाराहून वेगळं होतं. त्यातला एखादा पाना त्या फरशीवर वाजवून खुशाल फळीवर ठेवत. "वाजला त्यो आपला," म्हणत. देशाचा अभिमान आणि देशाचा राग, दोन्ही त्या दुकानाबाहेर ठेवत. या नियमातून एकच पाना सुटला होता.

तो त्यांच्या नवऱ्याचा, अण्णांचा. अण्णांची बोअरमधून पाणबुडी मोटर काढणारी टोळी होती. त्यांना हा पाना भिंगारच्या एका निवृत्त मिलिटरी फिटरने दिला होता. तो परदेशी होता, असं सगळे सांगत. कोणत्या देशाचा, याबद्दल मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. अण्णा तापाच्या आजारात गेले. त्यांच्यामागे टोळी मुलाकडे, संपतकडे आली आणि पानाही. दर खंडेनवमीला आक्का दुकानातल्या सगळ्या हत्यारांना हळदकुंकवाचं बोट लावत. अण्णांच्या पान्याला मात्र त्या तेलात कालवलेला शेंदूर लावत, देवाला लावतात तसा. दात मोकळे सोडून जबड्याच्या मानेवर जाड थर देत. तो पुसायचा नाही, असा घरात दंडक होता. वर्षभराच्या कामात बराच शेंदूर झडे. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा चढे.

एका खंडेनवमीला मी प्रसादाला खाली गेलो होतो. पूजा झाल्यावर पाना पाटावर ठेवताना आक्कांच्या हातातून निसटला आणि फरशीवर पडला. आवाज लांबला नाही. मातीचं मडकं ठेवावं तसा एक ठोका झाला आणि थांबला. संपतने आईकडे पाहिलं.

"बद्द वाजला, आये."

"शेंदूर लई बसलाय त्याच्यावर," आक्का म्हणाल्या आणि पाना उचलून कपाळाला लावला.

त्यानंतरचा उन्हाळा कोरडा गेला. विहिरी मार्चमध्येच उघड्या पडल्या. पाणी खाली गेलं, तसे लोक बोअरमध्ये आणखी पाईप जोडून मोटर खोल सोडू लागले. आधी मोटर बाहेर काढायची, मग पुन्हा सोडायची. संपतच्या टोळीला बसायला वेळ नव्हता. गंजून एकजीव झालेले पाईप सुटत नसत, म्हणून पान्याच्या दांड्यात लांब नळी घालून जोर लावावा लागे. एका सकाळी संपत दुकानात आला आणि फळीवरच्या जालंधरच्या पान्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आये, त्यो दे. आण्नाच्या पान्याचा भरोसा वाटंना."

"बापाच्या पान्याचा भरोसा वाटंना?"

"आवाज बरूबर न्हाई त्याचा. तूच सांगती लोकान्ला."

"लोकान्ला सांगते ते इकायच्या पान्याचं. त्यो इकायचा हाय का? तू पाळन्यात हुतास तवाधरनं पाईप धरतोय त्यो. तुझ्यापरीस जास्त धरलेत त्यानं."

संपत हसला. "तुझ्याम्होरं कोन बोलनार," म्हणाला आणि अण्णांचा पाना खांद्यावर टाकून गेला. मी समोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. सगळं ऐकू येत होतं. आक्कांनी त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. पाना घरातला होता आणि धरणारा संपत होता, असं त्या धरून चालल्या असाव्यात.

धरणारा संपत नव्हता. दुपारी बोअरवर टोळीतल्या रावसाहेबाने वरच्या पाईपाला अण्णांचा पाना लावला, दांड्यात नळी घातली आणि छातीने ढकलू लागला. समोर, खालचा पाईप दुसऱ्या पान्याने अडवून संपत ओणवा उभा होता. पाईप सुटला नाही. पाना मानेतून तुटला. नळीसकट दांडा पुढे गेला आणि संपतच्या उजव्या कोपरावर बसला. धरलेला पाईप बोअरच्या तोंडावरच्या क्लॅम्पमुळे आत गेला नाही, एवढंच नीट झालं. संपतला आधी शेवगावच्या आणि तिथून नगरच्या रुग्णालयात नेलं. हात वाचला. कोपर पुन्हा सरळ झालं नाही.

मी दिलेली बातमी आतल्या पानावर लहानशी आली.

संपत रुग्णालयात असतानाच आक्कांनी पान्याचे दोन्ही तुकडे मागवून घेतले आणि डिझेलच्या डब्यात बुडवले. मग दाराशी बसून ब्रशने घासायला घेतलं. शेंदूर पापुद्र्यांनी सुटत होता. खाली देशाचं नाव निघेल, म्हणून आजूबाजूचे दुकानदार जमले होते. नाव निघालं नाही. तिथे फक्त घासून सपाट केलेली जागा होती. आक्कांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी तुटलेली बाजू उन्हात धरली. कडेचा थोडा भाग ताजा, करडा, चमकणारा होता. उरलेला काळा पडला होता. तिथली चीर जुनी होती आणि तिच्यात आतपर्यंत शेंदूर मुरला होता.

"मीच बुजवत हुते," आक्का म्हणाल्या. त्यांनी तुकडे धडप्यात गुंडाळले आणि आत नेले.

पुढच्या खंडेनवमीला आक्कांनी सगळी हत्यारं आधी धुऊन कोरडी केली. एकेक फरशीवर सोडून ऐकलं. मग नुसती झेंडूची फुलं ठेवली. कुंकवाचं बोटसुद्धा लावलं नाही. गल्लीत त्यावर बोललं गेलं. गिऱ्हाइकाला नवा पाना देण्याआधी त्या आता घरातला जुना आणायला सांगू लागल्या. लोक कुरकुरत, पण आणत. काही पाने बद्द वाजत. ते आक्का परत देत नसत. त्याबद्दल भांडणंही झाली.

माझी बदली नगरला झाली. आक्का गेल्याचं मला उशिरा कळलं. मी शेवगावला गेलो, तेव्हा दुकानात संपत बसला होता. उजवा हात काटकोनात वळून राहिला होता. तो काउंटरवर टेकवलेला होता. काम सगळं डाव्या हाताने चाललं होतं. एक प्रौढ शेतकरी पाईप पाना बघत होता. त्याने किंमत विचारली, देशाचं नाव वाचलं. मग त्याची नजर संपतच्या कोपराकडे गेली आणि तिथेच थांबली. संपतने काही विचारलं नव्हतं.

"समोर धाकटा भाऊ आसतो माझा," शेतकरी म्हणाला.

संपतने मान हलवली. त्याच्या हातातला पाना डाव्या हाताने परत घेतला, फरशीवर सोडला आणि मान वाकवून ऐकत राहिला.