अर्डिथची न दिसणारी दुमड

"टीप दिसते," या एका शेऱ्यापायी नेब्रास्कातल्या जिल्हा जत्रेत अर्डिथ व्होसिकाच्या कपड्यांना अकरा वर्षं निळीच फीत मिळत होती. सर्वांत मानाची जांभळी दर खेपेला दुसऱ्याच कुणाच्या हँगरवर. यंदा ती हट्टाला पेटली. ताणणाऱ्या, मऊ होजिअरीचा हिरवा झगा तिने सुनेच्या मापाने शिवला. खालची दुमड उलटी धरायची, कडेने मशीनचे नागमोडी टाके घालायचे आणि दर पाचव्या टाक्याला सुईने वरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलायचा. तीन महिने चिंध्यांवर तिचा हाच सराव चालला होता.

परीक्षक नॉर्मा हुलबर्ट चर्चमध्ये तिच्या पुढच्याच बाकावर बसायची. स्पर्धकाला समोर बसवून कपडा तपासायची तिची पद्धत. झगा तिने उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी धरला.

"अर्डिथ, तू हा चिकटवलायस."

"काय?"

"आत नागमोडी आहे, पण ती नुसती काठाला. झग्यावर एक टाका दाखव मला. नाहीतर हा हस्तकलेच्या गटात जाईल."

हस्तकलेत, म्हणजे पोरांनी मॅकरोनी चिकटवून केलेल्या फोटोच्या चौकटींशेजारी! अर्डिथने चष्मा चढवला. भिंग घेतलं. घेर दोनदा बोटांतून फिरवला. तिचा स्वतःचाच टाका तिला सापडेना.

"उसवून दाखवते!"

"उसवलास की अर्धवट कपडा. बाद."

मागे उभा असलेला तिचा नवरा डेल हळूच म्हणाला, "अगं, चुकून एखादा वाकडा घातला असशील बघ."

"तू गप्प बस! तीन महिने वाकडा पडू नये म्हणूनच मरत होते."

मग तिला काय सुचलं कोण जाणे. ती उठली आणि शर्टपँटवरूनच झगा डोक्यातून खाली ओढू लागली. सुनेचं माप खांद्यांवरून कसंबसं उतरलं, नितंबांपाशी अडलं. अर्डिथने दात आवळून हिसका दिला. कापड ताणलं, घेर ताणला, आणि दुमडीच्या वर सगळीकडून टाक्यांचे मोहरीएवढे खळगे उमटले.

नॉर्मा गुडघ्यांवर बसली. "हा एक... हा दुसरा... अगं बाई, सगळे एका अंतरावर!"

"गोंद असा ताणला जातो का?"

"नाही गं, नाही." नॉर्माने जांभळी फीत उचलली आणि झगा हँगरवर जायची वाट बघत उभी राहिली. अर्डिथने हात वर केले. झगा काखेपर्यंत आला आणि तिथेच रुतला. दोघींनी ओढूनही हलेना.

शेवटी नॉर्माने फीत तिच्या खांद्यालाच टाचली. "पण नियम आहे. प्रदर्शनातली वस्तू रविवारपर्यंत हॉलबाहेर नेता येत नाही."

"मग हिचं जेवण इथेच आणू?" डेलने विचारलं.

"आधी मागून धर," झग्याच्या आतून अर्डिथ म्हणाली, "आणि दुमडीला हात लावलास तर बघ!"