पाऊलमॅडमचं घर

पाऊलमॅडम कुठंही गेल्या की त्यांचे ओठ हलायचे. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये. नवख्याला वाटायचं, बाई देवभक्त दिसतात, नामस्मरण चाललंय. प्रत्यक्षात त्या पावलं मोजत असायच्या. एकदा एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नात आहेर देऊन स्टेजवरून उतरल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "स्टेज फार खोल आहे गं. पोरगी एकटी पडलीय तिथं." पाऊलमॅडम हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

सांगलीच्या कॉलेजात त्या आम्हाला आर्किटेक्चर शिकवायच्या. "टेप घरी राहतो, पाय राहत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही कॉम्प्युटरवर प्लॅन काढून ऐटीत दाखवायला गेलो की चष्मा कपाळावर सारून म्हणायच्या, "झूम केलं की मोरी पण राजवाडा दिसते. किती पावलांची आहे ते सांग." सांगता आलं नाही की वर्गातच चालायला लावायच्या. पोरं हसायची, पण चालायची.

पहिल्या वर्षाचं त्यांचं पहिलं काम सगळ्या बॅचना एकच असे. ज्या घरात लहानाचे मोठे झालात त्याचा प्लॅन आठवणीतून, पावलांच्या अंदाजाने काढायचा आणि मग सुट्टीत घरी जाऊन टेपने ताडून बघायचा. मी साताऱ्याची. आमच्या घरातलं स्वयंपाकघर मी एवढंसं काढलं होतं, आणि निघालं ते हॉलपेक्षा मोठं. मॅडम खळखळून हसल्या. "आईच्या हाताखाली कधी उभी राहिली नाहीस, दुसरं काय!" हे मी घरी सांगितलं, तर आईने त्यांना न बघताच आपलं मानून टाकलं.

कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुमच्या घराचा प्लॅन?"

"काढलाय. पण ताडायला येत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यातलं. त्या लहान असतानाच धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनात इस्लामपूरच्या अलीकडे उसाच्या मुलखात एक प्लॉट मिळाला, तिथं पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या. वडील लवकर गेले. आई मात्र त्या पत्र्याखाली म्हातारी झाली आणि शेवटी शेवटी सगळं विसरायला लागली. गाव, धरण, बदललेला मुलूख, काही लक्षात राहिलं नाही. एकच उरलं होतं. दिवेलागणीला पदर खोचून दारात यायची आणि विचारायची, "घरी कवा जायचं गं?"

तेव्हा मॅडमनी ठरवलं की आईला घरी न्यायचं. गाव पाण्याखाली असलं तरी प्लॅन डोक्यात होता. उंबऱ्यापासून चुलीपर्यंतची, चुलीपासून मागच्या दारापर्यंतची पावलं त्यांना पाठ होती. पत्रे उतरवले आणि त्याच प्लॉटवर तसंच घर उभं केलं. तीच पूर्वेची ओसरी, तोच कोनाडा, मागच्या दाराशी दगडाची तीच पायरी. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. वास्तुशांतीला आमचा अख्खा वर्ग गेला होता. मॅडम आईचा हात धरून तिला घरभर फिरवत होत्या आणि आम्ही सगळे श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होतो. म्हातारी स्वयंपाकघराच्या मध्यावर थांबली, चहूकडे बघितलं आणि म्हणाली, "ब्येस हाय. कुनाचं म्हनायचं?"

"आपलंच की आई."

"न्हाई. ह्ये आपलं न्हाई."

त्या दिवशीही दिवेलागणीला ती दारात आली. शेवटपर्यंत रोज येत राहिली. मॅडमनी कोनाडा थोडा खाली घेतला, चूल सरकवली, पण काही उपयोग झाला नाही. मी पास झाले त्या वर्षी म्हातारी गेली, ती घरी जायचं राहूनच.

पुढच्या उन्हाळ्यात धरण पार तळाला गेलं. मॅडमचा फोन आला, "आमचं जोतं वर आलंय म्हणे. टेप घेऊन येतेस?"

भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. उंबऱ्याचा दगड त्यांनी लांबूनच ओळखला. चप्पल काढली, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि चुलीच्या दिशेने निघाल्या. ओठ हलत होते. चुलीची जागा ओलांडून, मागची भिंत ओलांडून त्या बाहेर गाळात जाऊन पोचल्या, तरी ओठ हलतच होते. पावलं उरली होती, घर संपलं होतं.

"जोत्यावर घर लहान दिसतंच," त्या म्हणाल्या. भिंती चढण्याआधी आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला असंच समजावतात, आणि ते खरंही असतं. पण टेप धरल्यावर समजूत घालायला काही उरलं नाही. मी आकडा वाचला, त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

"लहान होते गं मी," त्या म्हणाल्या. "पावलं तेव्हाची धरली आणि बांधलं आत्ताच्या पायांनी. आई बरोबर बोलत होती." त्या वाळलेल्या गाळात त्या बसून राहिल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं ताडून देणारी ही बाई. त्यांचं घर देवानं ताडून दिलं, पण असं उशिरा, याचा मला अजून राग येतो.

नंतर त्यांनी नोकरी सोडली आणि आईसाठी बांधलेल्या त्या घरात राहायला गेल्या. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. आत फरशीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा होत्या, पाया खोदण्याआधी जमिनीवर आखतात तशा. त्या ऐसपैस घराच्या पोटात मॅडमनी खरं घर आखलं होतं, जोत्याच्या मापाचं. सगळा संसार रेघांच्या आत ओढून घेतलेला आणि बाहेरची फरशी मोकळी, झाडलेली. त्या चुलीपाशी पाटावर पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. पदर खोचलेला होता. मी सरळ त्यांच्याकडे निघाले.

मान न वळवता त्या बोलल्या. कॉलेजात मी त्यांच्या तोंडून ही बोली कधी ऐकली नव्हती.

"भित्तीतनं काय येतीस गं? दारातनं ये की."

माझं पाऊल रेघेवर होतं. मी ते उचललं, वळसा घालून उंबऱ्याच्या रेघेपाशी गेले आणि वाकून आत शिरले.