परण्याची गाडी

नाशकातल्या शालिमारच्या सिग्नलला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला आणि प्रमोदने इंजिन बंद केलं. मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न सुरू झाले. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

"हायवेला एकदम थंड असते गं," तो म्हणाला. "ओझरपर्यंत जाऊन आलो, काटा हलला नाही."

"हायवेला कुठलीही गाडी थंडच असते," मी म्हणाले. "उतर आता. ढकलू."

प्रमोद माझा कॉलेजातला वर्गमित्र. नव्वदच्या दशकात चांगली नोकरी सोडून त्याने सातपूरला शेड घेतली आणि दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवायला लागला. बॉडी फायबरची, इंजिन एका साध्या फॅमिली कारचं, सगळं मिळून वजन सहाशे किलो. मी त्याच एमआयडीसीत रेडिएटरच्या कारखान्यात डिझाइन बघत होते. गाडी तापायला लागल्यावर त्याला माझी आठवण झाली. माणसं डॉक्टरकडेही अशीच जातात.

पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. वणी रोडचे द्राक्षबागायतदार बाळासाहेब. त्यांना ही गाडी मुलाच्या परण्याला हवी होती. परण्या म्हणजे लग्न लागण्याआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात ते. त्यात गाडी माणसाच्या चालीने चालते, बँड थांबला की थांबते. त्यातून मे महिना.

"परण्यात उकळली तर तिथूनच माघारी न्यायची," बाळासाहेबांनी सांगून ठेवलं होतं. "चार पाहुण्यांत हसं नाय पाहिजे."

गाडी परत आली तर शेड बंद करायची, असं प्रमोदच्या घरी ठरलं होतं. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. तो स्वतः बोलला नाही.

आता जरा धंद्यातलं. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरच्या जाळीतून फिरतं आणि जाळीतून जाणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते. गाडी पळत असेल तर हवा आपोआप येते. उभी असेल तर सगळा भार पंख्यावर. या गाडीचं नाक बुटकं, त्यात रेडिएटर तिरका बसवलेला.

"मोठा रेडिएटर टाकू," मी म्हणाले.

"वजन वाढेल."

"मोठा पंखा?"

"वजन."

"मग बर्फ टाक."

तो हसला नाही. वजनावरून त्याची चेष्टा केलेली त्याला चालत नसे.

शेवटी मी त्याच्या शेडमधल्या गणपतीपुढची उदबत्ती उचलली. इंजिन आणि पंखा चालू ठेवून ती नाकासमोर धरली. धूर जाळीत ओढला गेला, मागे इंजिनवर आपटला आणि बाजूच्या फटीतून पुन्हा पुढे आला. म्हणजे तापलेली हवाच परत परत जाळीतून फिरत होती. पंखा बिचारा इमानदारीने काम करत होता, पण त्याला ताजी हवा मिळतच नव्हती.

ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आम्ही जाळीभोवतीची एकूण एक फट बुजवली. हवेने नाकातूनच आत यायचं, दुसरीकडून नाही. गरम हवा बाहेर पडायला बॉनेटवर झरोके पाडले. वजन वाढलं ते पाव किलोच्या आत. प्रमोदने खरंच तोललं.

मग भर दुपारी मेन रोड, रविवार कारंजा, पुन्हा शालिमार. काटा मध्यावर यायचा, पंखा सुरू व्हायचा, काटा खाली जायचा. प्रमोदने मला उसाचा रस पाजला. माझ्या दृष्टीने काम संपलं होतं.

लग्न पंचवटीतल्या एका कार्यालयात होतं. मलाही आमंत्रण होतं. मी पोचले तेव्हा गाडी सजून उभी होती. प्रमोद स्टिअरिंगवर, शेजारी फेटा बांधलेला नवरदेव. आणि गाडीच्या नाकावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मांडीएवढा जाड झेंडूचा हार. त्याच्यामागे पानांची घट्ट जाळी. हवा यायची एकच वाट आम्ही ठेवली होती, ती सजावटवाल्याने फुलांनी लिंपून टाकली होती.

मी गर्दीतून वाट काढेपर्यंत परण्या निघाला. अर्ध्या रस्त्यात प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहून काटा कुठे आहे ते कळलं. मी हाराला हात घातला, तर नवरदेवाच्या आत्याने मनगट पकडलं.

"अहो बाई! मारुतीला जायच्या आत नवरदेवाचा हार तोडता?"

प्रमोदने इंजिन बंद केलं. बँडही थांबला. बाळासाहेब वळून बघायला लागले. मला प्रमोदची फार कीव आली, आणि करण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा पुढे आले. पंचवटीतलेच. रामनवमीनंतर निघणारा रथ ओढणाऱ्यांपैकी.

"काय झालं?"

"तापली," मी म्हणाले. "हार काढल्याशिवाय चालणार नाही."

"वजन किती?"

"सहाशे किलो," प्रमोद आतून म्हणाला.

मामा मोठ्याने हसले. "एवढंच? अहो, आपल्या नाशकात रथाला कधी इंजिन असतं का? दोर आणा रे!"

मांडववाल्याचा दोर आला, गाडीच्या खालच्या हुकाला बांधला. मामांनी पहिला हात लावला आणि मग झुंबड उडाली. मघाशी हसायच्या तयारीत असलेले पाहुणे दोर धरायला भांडत होते. बँडवाला पेटला. बाळासाहेब थोडा वेळ बाजूने चालत राहिले. मग त्यांनी चपला काढून कोणाच्या तरी हातात दिल्या, उपरणं कमरेला बांधलं आणि दोर धरला.

मारुतीच्या पायरीपाशी ते घाम पुसत माझ्याजवळ आले. मी काहीतरी खुलासा करायला तोंड उघडलं.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "गाडी लय हलकी हाय."

गाडी परत आली नाही. शेड पुढे बरीच वर्षं चालली. वजन कमी ठेवल्याचा फायदा मी तोवर फक्त वेगात मोजत होते.

पुढच्या प्रत्येक गाडीला प्रमोदने नाकाच्या खाली हवेची दुसरी वाट ठेवली. आणि ट्रॅफिकची टेस्ट घ्यायला निघण्याआधी तो रविवार कारंजावर थांबून हार विकत घ्यायचा. झेंडूचा, नाकाच्या पूर्ण रुंदीचा.