गिझेलाच्या कार्डावरचं नाव

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. शारजाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी मुलांची दृष्ट काढायला लागलं तरी मला हसू येतं. नवरा म्हणतो, "तू तर भुतालाही आयडी मागशील." तरीही लिहितेय... कारण दोन वर्षं झाली, मनातून जात नाही.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका डेटा कंपनीत मी काम करते. युरोपातल्या एका अभिलेखागाराचं काम आमच्याकडे आलं होतं — नाझींनी छळछावण्यांत डांबलेल्या, गाड्यांत कोंबून पुढे धाडलेल्या ज्यूंच्या नोंदी. जुन्या कार्डांचे स्कॅन यायचे. ते टाइप करायचे, याद्यांशी ताडून पाहायचे आणि एकाच माणसाची दोन कार्डं निघाली तर ती एकत्र करायची. हे शेवटचं काम माझं. सुरुवातीला रडू यायचं. मग सवय झाली, आणि आता त्या सवयीचीच जास्त लाज वाटते.

एका बुधवारी दोन कार्डं समोर आली. गिझेला आणि हेडविग. नावं वेगळी, आडनावं वेगळी. पण जन्मतारीख, गाव, आईवडिलांची नावं तीच. हेडविग विवाहित. म्हटलं, लग्नात नाव बदललं, दुसरं काय! माझंही बदललं होतं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मृणाल' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, तांदूळ परत डब्यात गेले. माहेरची मी सुनंदा. पासपोर्टवर मृणालच आहे आणि आई गेल्यापासून सुनंदा म्हणणारं कुणी उरलेलं नाही. ऑफिसात तर ते नाव कुणाला माहीतच नव्हतं.

खरं तर एकत्र करण्याआधी गाडीची यादीही, म्हणजे त्या गाडीतून कुणाकुणाला धाडलं ती, उघडून बघायची असते. मी बघितली नाही. गिझेलाला हेडविगच्या 'आधीचं नाव' या रकान्यात टाकलं आणि पुढे गेले.

गुरुवारी दुपारी त्या कार्डांची बॅच अभिलेखागाराकडे जाणार होती. एकदा गेली की पुन्हा उघडत नाही. त्याआधी थोडी कार्डं दुसऱ्या कुणीतरी, आधीचं टायपिंग न बघता, नव्यानं टाइप करायची असा नियम. ते काम हैदराबादच्या शबानाकडे होतं. तिचं आणि आधीचं सगळं जुळलं... एक कार्ड सोडून. आधीच्या टायपिंगमध्ये 'गिझेला', तिच्या टायपिंगमध्ये 'सुनंदा'.

कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. पण करणार कोण? मी तिच्या टेबलाशी गेले.

"शबाना, ये क्या टाइप किया?"

"कार्ड पे जो है वोइच डाली, दीदी." तिनं स्क्रीनवरच्या स्कॅनवर बोट ठेवलं. "देखो ना... सु-नं-दा. साफ तो लिखा है."

तिच्या बोटाखाली मला स्वच्छ 'गिझेला' दिसत होतं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी तोंडून ते नाव ऐकलं आणि डोळेही भरून आले.

"आप जानते क्या इनको?" शबानानं विचारलं.

आणि तिथेच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नात बाईचं पाळण्यातलं नाव पुसायची रीत आमच्याकडची. ती त्यांच्याकडेही आहे, हे मला कुणी सांगितलं होतं?

केबिनमधून आमचे मॅनेजर थॉमस सर ओरडले, "मृणाल, यल्ला! बॅच भेजो, खलास करो."

"सर, दस मिनिट, प्लीज!"

गाडीची यादी उघडली. हेडविग. लगेच खालच्या ओळीत गिझेला. जन्मतारीख एकच, क्रमांक दोन. जुळ्या बहिणी! एकीचं लग्न झालेलं, एकीचं नाही. जिवंत बचावलेल्यांच्या यादीत दोघींपैकी कुणीच नव्हतं. माणसं तर गेलीच होती, नावं तेवढी उरली होती. त्यातलं एक मी पुसायला निघाले होते, तेही काम चोख केल्याच्या समाधानात.

दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. शबानाला म्हटलं, "फिरसे टाइप कर." तिनं कार्डाकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"दीदी... अभी तो दूसरा नाम है. वल्लाह, मैं झूठ नहीं बोली."

त्यानंतर ती त्या टेबलावर बसली नाही. आयटीवाल्यांनी 'ऑटोफिल', मशीननं आपोआप भरलेला शब्द, म्हणून हात झटकले. टायपिंगचं मानलं हो, पण तिनं बोट ठेवून वाचलं, त्याचं काय?

त्या संध्याकाळी शारजाच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्या बहिणींच्या वाट्याला जे आलं त्याच्याशी माझ्या नाव बदलण्याची बरोबरी नाही, तेवढी अक्कल आहे मला. त्यानं गाडीतला रेडिओ बंद केला. मग हळूच म्हणाला, "मग... आता काय म्हणू तुला?"

गिझेला यादीत परत आली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.