पाच चौकोनांचं विमान आणि माझी पेटी

"याची बायको बोलते का गा, का नुसता फोटो टांगून ठेवला?"

मेश्राम भाऊजींनी हे हळूच विचारलं होतं. पण सेक्टर दहाच्या क्वार्टरात बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात एक पडदाच. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते, आणि मी पडद्याआड सगळं ऐकत होते. न बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप साठतात. खर्च होत नाहीत ना!

मंडळी तीन. हे, पोलादाच्या प्लांटच्या डिझाइन ऑफिसात. मेश्राम भाऊजी, भट्टीवरचे इंजिनियर. आणि यांचे कॉलेजातले सर. त्यांनी बंगलोरहून काम आणलं होतं: विमानात यंत्रं ठेवतात त्या बंद कप्प्यात उष्णता कुठून कुठं जाते, याचा सोपा हिशेब बसवायचा. दर रविवारी आमच्या घरी. "लोखंडवाल्यांना विमानातलं काय समजणार?" असं कुणीतरी म्हणालं होतं. ते यांना फार लागलं होतं.

*

सोपा म्हणजे किती सोपा? सरांनी नळ्या, वायरी, खिळे, सगळं पुसलं. उरले पाच चौकोन, आणि उष्णतेच्या वाटा म्हणून त्यांना जोडणाऱ्या रेषा. सासूबाईंनी कागद हातात घेतला.

"पंख कावून नाही रे याले?"

"पंखांचं काम नाही, आई."

"मंग उडन कसं?"

"उडवतील बंगलोरवाले. आमी फक्त तापवून राहिलो!"

*

उकळता चहा समोर ठेवला, तरी भाऊजी एका घोटात संपवून म्हणत, "वहिनी, थंडा झाला!" भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला बाकी जग थंडच.

हिशेबात रेडिएशनची, म्हणजे हवेवाचून किरणांनी जाणाऱ्या उष्णतेची, रेष आली, ती त्यांनीच खोडली. "रेडिएशन भट्टीत असते, सर. शंभराच्या आतलं गरम, त्याले काय गरम म्हणते का कोणी?"

सरांची हयात भट्ट्या शिकवण्यात गेलेली. तेही हसले. रेष गेली.

*

हिशेब ताडून बघायला पत्र्याचा कप्पा हवा. गेली माझी रुखवताची पेटी! साड्या पलंगावर, पेटीला भोकं, आत यंत्राच्या जागी काळा रंगवलेला डबा आणि डब्यात बल्ब. शेजारच्या भाभींनी खिडकीतून पाहिलं.

"मुर्गी का धंधा शुरू किया क्या? अंडे हमको भी देना!"

*

सोमवारी बंगलोरचे साहेब येणार. रविवारी दुपारी हिशेब म्हणे, डबा नव्वदला जाईल; थर्मामीटर सत्तरीपुढं सरकेना. बदललं. पुन्हा तेच. तिसरं आणलं.

"तिन्ही खोटं बोलून राहिले," भाऊजी म्हणाले.

हे कागदांच्या घड्या घालायला लागले. यांचा चेहरा बघवेना.

मी फिजिक्सची बी.एस्सी. कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. चहाचा ट्रे ठेवला आणि म्हटलं, "गरम हवा तर वर जाते. मग तव्याशेजारी बसलं की गाल का तापतो? तवा काही लाल नसतो."

सरांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी पेन्सिल घेतली आणि खोडलेली रेष आपल्याच हातानं परत काढली. तासाभरानं हिशेब बहात्तरवर येऊन थांबला. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू आजच लग्न झालं!

"वहिनी," भाऊजींचा चहा खरंच थंड झाला होता, "हे तुमाले कसं समजलं?"

"फोटोला दिसतं सगळं, भाऊजी. साहेब गेले की माझी पेटी परत द्या. भोकं मात्र बुजवू नका, आजची खूण राहू दे."