पेन्सिलीने लिहिलेलं नाव

बाळंतिणींच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांचा शब्द शेवटचा. डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे जरा जपूनच बोलत. घरी सोडताना बाळाच्या कार्डावर नाव लागायचं आणि घरच्यांना ऐन वेळी काही सुचायचं नाही. आत्याला एक आवडायचं, आजीला दुसरंच, आणि बाळाचा बाप आपला खिडकीबाहेर बघत उभा. मग मुलगी असली की सिस्टर पेन्सिलीने एक नाव लिहून देत. नाही आवडलं तर खोडा, म्हणत. खोडायचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत.

ते नाव त्यांच्या स्वतःच्या मुलीचं होतं. ती अकरा दिवस जगली. नवऱ्याने पुन्हा कधी तिचा विषय काढला नाही, आणि बाकीच्यांनी तर तिला पाहिलंही नव्हतं. पोर गेली ती गेली, पण तिच्याबरोबर नावही जावं हे सिस्टरांना सोसत नव्हतं.

बघता बघता गावात त्या नावाचं पेव फुटलं. कुठल्याशा नटीमुळे ही फॅशन आली, असं शहाणी माणसं सांगू लागली. शाळेच्या फाटकाशी एका हाकेला चार मुली वळत. सिस्टर मुद्दाम त्या रस्त्याने घरी जात आणि ती हाक कान भरून ऐकत.

मग दिवस पालटले. जोडपी मोबाइलवर नाव शोधूनच येऊ लागली. सिस्टरांनी दिलेलं ते नाव आधी आत्या-मावश्यांच्या पिढीचं झालं आणि मग चेष्टेचं. फाटकाशी ते ऐकू येईनासं झालं. आपली पोर दुसऱ्यांदा चालली, असं त्यांना वाटे. निवृत्तीआधी निदान एकदा ते कुणाला तरी लागावं, एवढीच इच्छा उरली होती.

शेवटच्या आठवड्यात एका तरुण बाळंतिणीला मुलीचं नाव काही केल्या ठरवता येईना. सिस्टरांनी मनाचा हिय्या केला आणि पेन्सिल चालवली. कार्ड बघून ती हसतच सुटली. तिच्या वर्गात या नावाच्या चौघी होत्या म्हणे. त्यांना सगळे पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशाच हाका मारायचे.

"इतकं जुनाट नाव? सिस्टर, तुम्ही तरी ठेवाल का तुमच्या मुलीला?"

"ठेवलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

एकतीस वर्षांत त्या हे पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या. अकरा दिवसांची गोष्ट सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाळंतिणीचं हसू मावळलं. तिने बाळाला जवळ ओढलं. "असू दे मग हेच," ती हळूच म्हणाली. "मी नाही बदलत."

ज्यासाठी इतका जीव टांगणीला लागला होता, ते आयतं पदरात पडलं होतं. सिस्टरांनी बाळाकडे पाहिलं. भुकेली, धडधाकट पोर अख्खी मूठ तोंडात कोंबायच्या खटपटीत होती. सिस्टरांच्या डोळ्यांना धार लागली, आणि या वेळी त्यांनी ती लपवली नाही.

"नको गं," त्या म्हणाल्या. "माझी गेलेली पोर आठवून तू तुझ्या पोरीला हाक मारशील. तिला तिचं नाव शोध."

आणि खोडरबर मागून घेऊन त्यांनी ते नाव स्वतःच्या हाताने खोडलं.